डॉन बाउदिलिओंची शब्दबंदी

डॉन बाउदिलिओ सिफुएन्तेस यांचा अपमान एका पाण्याच्या पंपापायी झाला. माणसाचा अपमान माणसाने करावा, फार तर नातेवाइकाने करावा. पण हल्ली कशालाच धरबंध राहिलेला नाही.

त्याचं असं झालं. सान इसिद्रोच्या बाजारामागे नगरपालिकेने नवा पंप बसवला आणि उद्घाटनाला माईक अर्थातच डॉन बाउदिलिओंच्या हाती होता. टपाल कचेरीतून निवृत्त झाल्यापासून, आणि खरं सांगायचं तर त्याच्या कितीतरी आधीपासून, गावातला एकुलता एक माईक त्यांच्याच हातात असायचा. रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, सुटली की चौकातल्या मंडपात मारिंबा वाजायची आणि दर दोन गाण्यांच्या मधे डॉन बाउदिलिओ बोलायचे. ते बोलणं कर्ण्यावरून चौकभर आणि रेडिओवरून डोंगरातल्या वस्त्यांपर्यंत जायचं. तर तो पंप सुरू झाला, त्याने आधी गुळण्या केल्या, मग त्याला घरघर लागली, आणि डॉन बाउदिलिओ सवयीने बोलून गेले, "ऐका मंडळी, हा पंपाचा सुमधुर स्वर!"

गाव ही गोष्ट विसरलं होतं. राजधानीहून आलेला जावई विसरला नव्हता.

"डॉन बाउदिलिओ, एक विचारू? रागावणार नाही ना?" जेवणाच्या टेबलावर एर्विन म्हणाला. असं विचारणारा माणूस राग येईल असंच काहीतरी बोलतो, हे डॉन बाउदिलिओंना ठाऊक होतं. पण जावयाला नाही कसं म्हणणार? "पंप सुमधुर, शाळेची घंटा सुमधुर. आणि आज सकाळी त्या झिंगलेल्या पोरांची मारिंबा, तीही सुमधुर. मग एखादी गोष्ट खरोखरच गोड वाजली तर तुम्ही तिला काय म्हणता हो?"

टेबलावर हशा पिकला. मुलगी हसली, ते एक वेळ समजू शकतं. ती आता त्यांच्या घरची. पण बायको, डोन्या ओफेलिया, इतकी हसली की तिला सूप पुसायला फडकं आणावं लागलं. डॉन बाउदिलिओंच्या विनोदाला ही बाई लग्नाच्या वर्षी शेवटची हसली होती.

त्या दुपारी त्यांना झोप आली नाही. डोळे मिटून ते आपण आजवर वापरलेले शब्द आठवत राहिले, आणि जसजसे आठवत गेले तसतसे त्यांचे कान तापत गेले. जावई आगाऊ होता, पण खोटं बोलत नव्हता. सान इसिद्रोत वाद्याबद्दल बोलायचे शब्द काही कमी नव्हते, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली होती. एखादी मारिंबा 'सुरात' आहे असं म्हटलं तर याचा अर्थ एवढाच, की ती बिघडलेली नाही. सुरात तर दारावरची घंटाही असते. 'सुरेल' म्हणजे घरी जाताना ओठांवर राहील अशी. 'गोड' म्हणजे जिच्यापुढे बाजारातल्या बायका भाव करायचं थांबतील अशी. आणि या सगळ्यांच्या वर, अगदी वर, एकच शब्द होता: 'रडते'.

रडते म्हणजे दुःखी वाजते असं नव्हे. हे परक्या माणसाला समजत नाही आणि समजावत बसायला कुणाला वेळही नसतो. मारिंबाच्या प्रत्येक लाकडी पट्टीखाली एक लांब पेटी टांगलेली असते, पेटीच्या खालच्या टोकाला छिद्र, आणि त्या छिद्रावर डुकराच्या आतड्याचा पातळ पापुद्रा काळ्या मेणाने चिकटवलेला. पट्टीवर काठी पडली की सूर उमटतो आणि त्याच्यामागून तो पापुद्रा थरथरतो. ही थरथर नीट लागली तर लग्नाच्या धांगडधिंग्यातही ऐकणाऱ्याच्या घशाशी काहीतरी येतं. मग म्हणायचं, मारिंबा रडते आहे. आणि ही थरथर नसेल तर सात माणसं मिळून फर्निचर बडवत आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

गावात हा शब्द खऱ्या अर्थाने शोभायचा तो 'नेब्लिना'ला. नेब्लिना म्हणजे धुकं. पण गावात धुकं म्हटलं तरी लोकांना आधी मारिंबाच आठवायची. ती फिदेन्सिओ कोयोय यांची. फिदेन्सिओ धंद्याने शिंपी, मिश्यांना मेण लावणारे, आणि तोंडाने सतत स्वतःची तारीफ करणारे. डॉन बाउदिलिओंच्या मुलीचे ते धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांचे कोंपाद्रे, आणि त्यांच्या बायका कोमाद्रे. हे नातं भावापेक्षा अवघड. भावाशी निदान भांडता येतं.

फिदेन्सिओ मारिंबाच्या बारीक सुरांच्या टोकाला उभे राहायचे आणि आपल्यामुळेच ती रडते असं सांगत फिरायचे. प्रत्यक्षात रडवायची त्यांची बायको. दर शनिवारी डोन्या कासिमिरा खाटकाकडून आतडं आणायची, धुवायची, खरवडून खरवडून कांद्याच्या सालीइतकं पातळ करायची आणि जमिनीवर बसून एकेका छिद्रावर चिकटवायची. रविवारी ती चौकात यायची नाही. गुडघ्यांमुळे मंडपाच्या पायऱ्या तिला जमत नव्हत्या. ती घरी रेडिओ लावायची. नेब्लिना वाजून झाली की रेडिओतून डॉन बाउदिलिओंचा आवाज यायचा, "रडते आहे हो, नेब्लिना रडते आहे!" तो ऐकला की कासिमिरा रेडिओ बंद करायची आणि कॉफी ठेवायची. तिच्यापुरता रविवार तिथे पुरा व्हायचा.

पण डॉन बाउदिलिओ हेच इतर मारिंबांबद्दलही म्हणत आले होते. कुणाला दुखवायचं नाही म्हणून म्हणाले होते, जेवणाला बोलावलं म्हणून म्हणाले होते, एकदा तर नुसता पाऊस थांबला या आनंदात म्हणाले होते. त्या दुपारी पलंगावर पडल्या पडल्या त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटलेला मध्यमवर्गीय माणूस फार घातक असतो. तो लगेच सुधारणा करायला निघतो.

पुढच्या रविवारी, पहिलं गाणं सुरू होण्याआधीच, त्यांनी माईक हातात घेतला. "मंडळी, आजपासून या माईकवरून एकही शब्द फुकट जाणार नाही. जी मारिंबा जशी वाजेल तसंच मी म्हणेन. आणि 'रडते' हा शब्द मी आजपासून कुलपात ठेवतो आहे. तो आता सान इसिद्रोच्या जत्रेतच बाहेर निघेल. तोही एकाच मारिंबासाठी, आणि तिने कमावला तरच!"

टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांना बिचाऱ्यांना वाटलं, हे दुसऱ्यांबद्दल चाललं आहे.

पहिला फटका चर्चला बसला. पाद्रीबाबांनी मोठ्या कौतुकाने विचारलं, "आमचा गायकवृंद कसा वाटला, डॉन बाउदिलिओ?" डॉन बाउदिलिओ शब्द तोलून म्हणाले, "सुरात होता." दुसऱ्या दिवशी गायकवृंदातल्या तिघी बायकांनी राजीनामा दिला आणि पुढच्या रविवारचं प्रवचन अहंकार या विषयावर झालं. पाद्रीबाबा संपूर्ण वेळ तिसऱ्या बाकाकडे बघत होते. तिसऱ्या बाकावर डॉन बाउदिलिओ आणि एक बहिरी म्हातारी असे दोघंच होते.

मग सल्ले सुरू झाले. समोर राहणारी डोन्या ओर्तेन्सिया, जी शेका नावाचे पाव विकायची आणि पावाबरोबर मत फुकट द्यायची, म्हणाली, "अहो, मी काय सांगते ऐका. सगळ्यांना एकेक पायरी खाली उतरवा. जो रडतो तो गोड, जो गोड तो सुरेल. म्हणजे कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

"मग फरक काय पडला?"

"काहीच नाही. तेच तर म्हणते आहे मी."

डोन्या ओफेलियाचं म्हणणं वेगळंच. "तुम्हाला खरं बोलायचंच आहे, तर घरात सुरुवात करा ना. कालची भाजी कशी होती?" यावर डॉन बाउदिलिओ वर्तमानपत्रात डोकं घालून बसले. सत्याचे प्रयोग कुठे करावेत याचंही एक तारतम्य असतं.

आणि मग नगरपालिकेतून बोलावणं आलं. महापौरांचे चिटणीस ओव्हिदिओ, हा माणूस बोलताना नेहमी हातातल्या शिक्क्याशी खेळत असायचा.

"डॉन बाउदिलिओ, कर्णा नगरपालिकेचा आहे."

"आहे."

"वीज नगरपालिकेची."

"तीही आहे."

"म्हणजे कर्ण्यातून निघणारी विशेषणंही नगरपालिकेचीच झाली. तेव्हा ती मंजूर करून घ्यायला हवीत. दर गुरुवारी दुपारपर्यंत तीन प्रतींत आणून द्या."

"अहो, पण कार्यक्रम रविवारी असतो!"

"म्हणूनच तर गुरुवारी."

"मारिंबा वाजायच्या आधी ती कशी वाजली हे मी लिहू कसं?"

"अनुभवावरून," ओव्हिदिओ म्हणाला. मग शिक्का खाली ठेवून त्याने आवाज उतरवला. "आणि हे पाहा, जत्रेचा तो शब्द. महापौरसाहेबांच्या मेहुण्याची 'ग्रान कोन्दोर' यंदा वाजणार आहे. विजेचं बास आहे, सॅक्सोफोन आहे. साहेबांच्या पत्नीला तिच्यात फार रडू ऐकू येतं."

डॉन बाउदिलिओ ताठ मानेने बाहेर पडले. इतकी वर्षं नगरपालिकेने आपल्या शब्दांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि आता मंजुरी हवी! मनातून मात्र त्यांना बरं वाटलं. ज्याला मंजुरी लागते त्याला किंमत असते, असा त्यांचा टपालखात्यातला अनुभव होता.

खरा घोटाळा पुढे झाला. मारिंबावाल्यांनी आपापसात विचार केला, की ज्या अर्थी शब्द 'रडते' आहे त्या अर्थी रडकं वाजवलं पाहिजे. हे त्यांच्या बापजाद्यांना ऐकवलं असतं तर त्यांनी काठ्या डोक्यात घातल्या असत्या. पण स्पर्धा म्हटली की माणसाला ठाऊक असलेलंही आठवेनासं होतं. पाहता पाहता गावातली सगळी गाणी संथ झाली. एका लग्नात नवरानवरीच्या पहिल्या नाचाला असं काही वाजवलं, की बाहेरगावहून उशिरा आलेल्या काकांनी दारातच टोपी काढून विचारलं, "कोण गेलं?" बारशाला आलेली माणसं लवकर निघून गेली. शनिवारी रात्री गुत्त्यातले बेवडे मारिंबा ऐकून आईच्या आठवणीने व्याकूळ झाले आणि सरळ घरी गेले. गुत्त्याचा मालक डॉन बाउदिलिओंना रस्त्यात अडवून म्हणाला, "मालक, तो शब्द सोडा बाहेर. धंदा बसला माझा!"

एकटे फिदेन्सिओ पूर्वीसारखेच वाजवत राहिले. झपाझप, खिदळत, मधूनच काठी हवेत उडवून झेलत. "मला रडवायला दुःख लागत नाही," ते मिशीला पीळ देत सांगायचे, "मला पोल्का दिली तरी पुरे!" हे डॉन बाउदिलिओंनाही ठाऊक होतं. जत्रेत तो शब्द कुणाला द्यायचा हे त्यांनी पहिल्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं होतं. सगळं गाव जमलेलं असेल, महापौर असतील, जावई असेल, आणि आपण कुलूप उघडून तो शब्द कोंपाद्रेंच्या गळ्यात घालू. त्या प्रसंगाची ते आरशापुढे तालीमही करायचे. कोंपाद्रेंना मात्र त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. निष्पक्षपातीपणा म्हणतात तो हाच, अशी त्यांची समजूत होती.

जत्रेला दहा दिवस उरले असताना, गुरुवारी, फिदेन्सिओ घरी आले. हातात टोपली, टोपलीत केळीच्या पानात बांधलेले गरम पाचे. गुरुवार म्हणजे पाच्यांचा वार आणि बटाट्याचे पाचे करावेत ते कासिमिरानेच. डॉन बाउदिलिओंनी बोलता बोलता तीन संपवले. फिदेन्सिओंनी त्या दिवशी स्वतःची एकदाही तारीफ केली नाही, इकडे डॉन बाउदिलिओंचं लक्ष गेलं नाही.

"कोंपाद्रे," शेवटी फिदेन्सिओ म्हणाले, "या रविवारी आमची पाळी आहे."

"ठाऊक आहे."

"तुमची कोमाद्रे काळजीत आहे. डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. पापुद्रा आता तिला दिसत नाही, बोटांनी चाचपून लावते. म्हणते, हात चुकतो आहे माझा. मी सांगितलं, काही चुकत नाही. तर म्हणते, तुमचा कान नवऱ्याचा कान. कोंपाद्रे आता खरं तेच बोलतात, ते काय म्हणतात ते ऐकू."

"म्हणजे मी काय करावं?"

"जास्त काही नको. जे ऐकू येईल ते म्हणा. पण म्हणा. ते जत्रेपर्यंत ठेवू नका."

इथे डॉन बाउदिलिओंची नजर टोपलीवर गेली. तीन पानं रिकामी झालेली. त्यांच्या मनात एकदम प्रकाश पडला, आणि असा प्रकाश पडला की माणूस हमखास खड्ड्यात जातो. वशिला! खुद्द कोंपाद्रे वशिला लावायला आले, तेही पाचे घेऊन! चिटणिसाचं एक वेळ ठीक आहे, त्याचा पोटापाण्याचा धंदाच तो. पण कोंपाद्रेंनी?

"कोंपाद्रे," ते उठून उभे राहत म्हणाले, "या माईकला नातं नसतं."

फिदेन्सिओ टोपली उचलून निघून गेले. उरलेले पाचे मात्र त्यांनी टेबलावर ठेवले. चांगला माणूस रागातही अन्न परत नेत नाही.

रविवार उजाडला. चौक भरला होता. पुढच्या बाकावर एर्विन हाताची घडी घालून बसला होता. सासऱ्यांचा नवा अवतार बघायला तो मुद्दाम आला होता. बाजूला ओव्हिदिओ, शिक्क्याविना अवघडलेला. नेब्लिनाचे सातही जण ओळीत उभे राहिले आणि फिदेन्सिओंनी काठी उचलली.

ते एक साधं नाचाचं गाणं होतं, गावात पोराटोरांना पाठ असलेलं. पण पहिल्या चार सुरांतच पाव विकणाऱ्या ओर्तेन्सियाचा हात टोपलीत तसाच राहिला. सुराच्या मागून ती थरथर येत होती, पूर्वी कधी नव्हती इतकी एकसारखी, जणू सातही माणसांच्या काठ्यांखाली एकच गळा दाटून आला आहे. न दिसणाऱ्या डोळ्यांनी, नुसत्या बोटांनी लावलेले पापुद्रे! गाणं आनंदाचं होतं आणि लोक हसत हसत डोळे पुसत होते. डॉन बाउदिलिओंनीही रुमाल काढला आणि नाक शिंकरल्यासारखं केलं.

गाणं संपलं. माईक हातात होता. 'रडते' हा शब्द जिभेवर येऊन उभाच होता. त्यांनी तो मागे लोटला, तो जत्रेचा. मग 'गोड' आला. पण समोर एर्विन भुवया उंचावून बसला होता. कोंपाद्रेंची मारिंबा म्हणून गोड म्हणाले, असं हा राजधानीत जाऊन सांगेल. 'सुरेल' आला, तेवढ्यात त्यांना पाच्यांची टोपली आठवली. असे एकेक पायरी उतरत ते खाली आले, आणि खाली एकच शब्द शिल्लक होता.

"नेब्लिना," ते म्हणाले, "सुरात होती."

चौकात कुणीच टाळी वाजवली नाही. फिदेन्सिओंनी टोपी काढली, कमरेत वाकून सभ्यपणे नमस्कार केला आणि मारिंबावर कापड ओढलं. एर्विन पुटपुटला, "बाप रे!" त्यात कौतुक होतं की आणखी काही, हे डॉन बाउदिलिओंना कळलं नाही, त्यांनी कौतुक समजून ठेवून घेतलं. घरी जाताना त्यांनी स्वतःची समजूत काढली, एकाच आठवड्याचा तर प्रश्न आहे. जत्रेत सगळं भरून काढू, वर दोन शब्द जास्तीचे घालू.

पुढच्या शनिवारी कासिमिरा खाटकाकडे गेली नाही.

ही बातमी डॉन बाउदिलिओंना ओर्तेन्सियाने दिली, जत्रेच्या सकाळी, पाव मोजता मोजता. "तुम्हाला ठाऊक नाही? तिने रविवारी रेडिओ बंद केला आणि संध्याकाळी मारिंबा घरी आली तशी बसून एकूण एक पापुद्रा खरवडून काढला. मेणसुद्धा ठेवलं नाही. भोकं नुसती बुजवून टाकली. म्हणाली, इतकी वर्षं कोंपाद्रे माझं मन राखत होते, आता खरं बोलले ते बरं झालं. देव त्यांचं भलं करो."

"वेडी आहे का ती? अहो, रडत होती मारिंबा! तुम्हीही ऐकलंत!"

"मी ऐकलं. पण माझ्याकडे माईक कुठे आहे?"

डॉन बाउदिलिओ पाव तिथेच टाकून चौकात धावले. पण तोवर मंडप सजला होता, महापौर सपत्नीक स्थानापन्न झाले होते आणि ओव्हिदिओने डॉन बाउदिलिओंच्या हातात शिक्का मारलेली चिठ्ठी ठेवली. 'रडते: ग्रान कोन्दोर. मंजूर.' नेब्लिना ठरल्याप्रमाणे आली होती. फिदेन्सिओ कबूल केलेला कार्यक्रम चुकवणारे नव्हते. ती वाजली. प्रत्येक सूर स्वच्छ, कोरडा, धुऊन वाळत घातल्यासारखा. कुठे काही चुकलं नाही आणि कुठे काही हललंही नाही. मागच्या बाकांवर लोक बोलू लागले.

डॉन बाउदिलिओंनी माईक उचलला. चिठ्ठी त्यांनी खिशात कोंबली आणि घसा फुटेस्तोवर ओरडले, "रडते आहे हो! नेब्लिना रडते आहे!"

सान इसिद्रोच्या लोकांना कान आहेत. त्यांनी जमिनीकडे पाहिलं. कुणीतरी दयेपोटी दोन टाळ्या वाजवल्या. फिदेन्सिओंनी मान वर केली नाही. महापौरांची पत्नी उठून गेली, तिच्यामागे महापौर गेले, आणि त्यांच्यामागे धावता धावता ओव्हिदिओने डॉन बाउदिलिओंच्या हातातून माईक काढून घेतला. तो आजतागायत त्याच्याकडेच आहे. दर रविवारी तो गुरुवारी मंजूर झालेली विशेषणं वाचतो, आणि उच्चार चांगले आहेत त्याचे.

माईक गेल्याचं दुःख डॉन बाउदिलिओंना व्हायला हवं तेवढं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोयोयांच्या घरी गेले. फिदेन्सिओ शिलाई मशीनवर बसले होते, त्यांनी मान नुसती हलवली. कासिमिरा चुलीशी होती. पावलांवरूनच ओळखून म्हणाली, "या, कोंपाद्रे. बसा. काल ऐकलं मी रेडिओवर. कशाला हो उगाच? तुमचं महापौरांशी वाकडं आलं ना माझ्यापायी?"

"कोमाद्रे, कालचं सोडा. काल मी खोटं बोललो. पण त्या आधीच्या रविवारी नेब्लिना रडत होती. शपथ घेतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"मग म्हणाला का नाहीत?"

डॉन बाउदिलिओंनी तोंड उघडलं. निष्पक्षपातीपणा, जत्रा, पाचे, सगळं सांगायला गेले. पण त्यांच्याच कानांना ते इतकं पोकळ ऐकू आलं की मधेच थांबले. "जावई समोर बसला होता," ते शेवटी म्हणाले.

कासिमिरा हसली. मनापासून हसली, त्या हसण्यात राग नव्हता हेच वाईट. "तुम्ही मनाने फार चांगले, कोंपाद्रे. पूर्वीपासूनच. जेव्हा खरं बोलायचं ठरवलंत तेव्हा खरं बोललात, आणि आता पुन्हा मन राखायला आलात. मला दोन्हीचं वाईट वाटत नाही. डोळे गेले, हातही जाणारच की."

"हात गेलेले नाहीत तुमचे! फिदेन्सिओ, सांगा ना हिला!"

"मी सांगून थकलो," फिदेन्सिओ मशीनवरून न उठता म्हणाले. "ती मानायची ती तुमचंच, कोंपाद्रे. तुम्ही सगळ्यांना म्हणायचात, पंपालासुद्धा सुमधुर म्हणालात, तरी मानायची. म्हणायची, बाकीचं मला ठाऊक नाही, पण आपल्याला ते मनापासून म्हणतात."

"एकच लावा," डॉन बाउदिलिओ काकुळतीला येऊन म्हणाले. "एकच पापुद्रा, एकाच पट्टीखाली. मी इथे बसतो. जे असेल तेच सांगेन."

"नको आता. वाजवणाऱ्या पोरांना हे नवं बरं वाटतंय. दर शनिवारचा व्याप नाही." तिने हात पुसले, भिंतीला धरून मारिंबापाशी आली, चाचपडत एक काठी उचलली आणि मधल्या पट्टीवर हलकेच टाकली. सूर निघाला, सरळ भिंतीपर्यंत गेला आणि थांबला. तिने मान तिरकी करून डॉन बाउदिलिओ बसले होते त्या दिशेला चेहरा वळवला. तोच चेहरा, रविवारी रेडिओपुढे बसणारा.

"सुरात आहे ना, कोंपाद्रे?"

फिदेन्सिओंची मशीन थांबली.

"हो, कोमाद्रे," डॉन बाउदिलिओ म्हणाले. "सुरात आहे."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि कॉफी ठेवायला चुलीकडे वळली.